शेवट सांगणाऱ्या कारखानीस बाई

कारखानीस बाईंच्या हातात पुस्तक दिलं की त्या ते मागून उघडायच्या. चष्मा कपाळावर चढवायचा, पुस्तक नाकाशी धरायचं आणि शेवटचं पान वाचायचं. मग पुस्तक मिटून त्या ते मांडीवर ठेवायच्या आणि देणाऱ्याकडे अशा बघायच्या की त्यानं जणू शिळं अन्न वाढलंय. हे सगळं त्या भर बैठकीत करायच्या आणि नंतर शेवट मोठ्यानं सांगून टाकायच्या. खून कोणी केला, लग्न कोणाचं कोणाशी झालं, म्हातारा जगला की गेला, सगळं. कोणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "शेवट कळल्यावर जे पुस्तक वाचवत नाही, ते आधीही वाचायच्या लायकीचं नव्हतं."

बेलापूरला पारसिकच्या डोंगराखाली आमची सोसायटी आहे. तिच्या हॉलमध्ये दर मे महिन्यात एका रविवारी सकाळी वाचणाऱ्यांची बैठक भरायची. प्रत्येकानं सुट्टीत वाचावं असं एक पुस्तक आणायचं, त्याबद्दल चार शब्द बोलायचे, मग पुस्तकं एकमेकांत वाटून घ्यायची आणि शाळा सुरू होईपर्यंत वाचून परत करायची. हॉलचे पंखे खडखडायचे, कोकम सरबत असायचं, कोणीतरी वड्या करून आणायचं. मुंबईतून इकडे राहायला आलेली, पगारावर जगलेली आम्ही माणसं. एकमेकांच्या पुस्तकांना छान छान म्हणायचं आणि घरी जायचं, एवढीच आमची अपेक्षा असायची.

त्यात बाई आल्या. वाशीच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर माझ्या समोरचा फ्लॅट घेतला. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी. नवरा होता, तो फार बोलायचा नाही आणि एका मार्चमध्ये तसाच न बोलता गेला. त्या वर्षी बाई येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्या आल्या, एक विनोदी पुस्तक घेऊन आल्या, त्यातला एक उतारा वाचून त्यांनी सगळ्यांना हसवलं. कोणीतरी सांत्वनाचं बोलायला गेलं तेव्हा म्हणाल्या, पुस्तकाबद्दल काही असेल तर बोला.

त्यांच्यासमोर एक शब्द वापरायला बंदी होती. 'चांगलं'. पुस्तक चांगलं आहे असं कोणी म्हटलं की त्या मान तिरकी करायच्या. "चांगलं म्हणजे काय? कोबीची भाजी चांगली झालीय म्हणतो, तसं?" मग समोरचा गडबडायचा. मनाला भिडलं म्हणायचा. बाई विचारायच्या, कुठल्या पानावर? रडू आलं असं कोणी म्हणालं तर त्या म्हणायच्या की कांदा चिरतानाही येतं. एका निवृत्त बँक मॅनेजरला त्यांनी विचारलं होतं, हे तुम्ही वाचलंत की नुसती पानं उलटलीत? बँकेत नोटा मोजायची सवय असते म्हणून विचारते. तो माणूस लाल झाला आणि पुढल्या वर्षी आला नाही.

तरी लोक का यायचे? ज्यानं त्यांना ऐकलं नाही त्याला हे सांगून पटणार नाही. बाईंनी आणलेलं पुस्तक कधी फुकट जायचं नाही. त्या दोन मिनिटं बोलायच्या, गोष्ट सांगायच्या नाहीत, एखाद्या वाक्यावर बोट ठेवायच्या, आणि आपण आजवर जे वाचलं ते झोपेत वाचलं असं वाटायचं. आणि अगदी कधीतरी, पाच वर्षांतून एकदा म्हणा, एखाद्याचं बोलणं ऐकून त्या शेजारच्याला म्हणायच्या, "वाचलंय हिनं." एवढंच. ते ज्यांच्या वाट्याला आलं ती माणसं अजून सांगतात.

ते दोन शब्द प्रमिलाला हवे होते.

प्रमिला दिवाळ्याची. खाडीकाठच्या त्या गावात तिच्या सासऱ्यांची होडी होती, सासू आणि मोठी जाऊ मासळी विकायच्या. ती स्वतः लग्नानंतर शिकली आणि आमच्या जवळच्या एका शाळेच्या कार्यालयात लागली. माझ्या मुलीची शाळा तीच, तिथली ओळख, म्हणून मीच तिला बैठकीला बोलावलं. पहिल्या वर्षी ती एक कथासंग्रह घेऊन आली आणि घाबरत बोलली. त्यातल्या एका कथेत विहिरीवरून दोन घरांचं भांडण होतं. प्रमिला म्हणाली, "आमच्याकडं पन असंच हाय. पानी एकाचं, आनी हक्क दुसऱ्याचा."

बाईंनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, पाणी. आणि. पण. तिला ते तीन शब्द सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावले. ती म्हणाली. चौथ्यांदा जमलं तेव्हा बाई म्हणाल्या, आता पुढे बोला. पण प्रमिलाला पुढचं काही आठवेना.

मला वाटलं ही आता यायची नाही. ती आली. वर्षभर तिनं बोलायची मेहनत घेतली होती. शाळेतल्या एका शिक्षिकेपुढे बसून मोठ्यानं वाचायची म्हणे. त्या मे महिन्यात ती उभी राहिली आणि रेडिओवरच्या बाईसारखी बोलली. एक ण चुकला नाही. बोलून झाल्यावर तिनं बाईंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

बाई म्हणाल्या, "मागच्या वर्षी निदान तुमचं बोलणं तुमचं होतं."

प्रमिला खाली बसली. तिच्या हातात सरबताचा पेला होता तो तिनं तसाच धरून ठेवला होता, बैठक संपेपर्यंत.

सावंतांचं त्यानंतरच्या वर्षीचं. सावंत गोदीतून निवृत्त झालेले, मूळ कणकवलीकडचे, वर्तमानपत्रापलीकडे काही न वाचणारे. वाचायची त्यांची बायको, सुलभा. तीच बैठकीला यायची, मागच्या रांगेत बसायची. ती डिसेंबरात गेली. मे महिन्यात सावंत एक जाड कादंबरी घेऊन आले. आपली पाळी आल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, मी काही सुचवायला आलो नाही. ही सुलभा वाचत होती, अर्ध्यावर राहिली. तिनं जिथं केसातली पिन घालून ठेवली होती तिथून मी पुढे वाचतो. रोज सकाळी चहा झाल्यावर एक पान. जास्त नाही. एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघालीय, एवढं मागचं सुलभानं सांगितलेलं होतं. पुढचं आता मी तिला सांगतो. फोटोसमोर बसून नाही हां, असंच, मनात.

ते जरा हसले. "भाऊ सापडतो का नाही, तिला ठाऊक नव्हतं. मलाही नाही. घाई नाही आपल्याला."

तेवढ्यात बाईंचा आवाज आला, नेहमीचाच, वर्गात हजेरी घेतानाचा.

"सापडत नाही. तो पहिल्याच वर्षी मेलेला असतो. शेवटच्या पानावर कळतं."

सावंत उभेच होते. त्यांनी पुस्तक मिटलं, वरून हात फिरवला, जसा आपण झोपलेल्या माणसावरून फिरवतो तसा. "बरं," म्हणाले. पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि निघून गेले. प्रमिला ते घेऊन त्यांच्या मागे धावली. जिन्यात त्यांनी तिला सांगितलं, राहू दे तुझ्याकडे, आता त्यात काय आहे.

त्या दिवशी परत येताना लिफ्टमध्ये मी होते, प्रमिला होती आणि बाई होत्या. प्रमिलानं विचारलं, बाई, कशाला सांगितलंत? बाई म्हणाल्या, "पुस्तक म्हणजे फोटोला घातलेला हार नव्हे. तो माणूस वाचत नव्हता, कवटाळून बसला होता. मी सोडवलं त्याला." त्यांना तसं खरंच वाटत होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यावर पश्चात्ताप नव्हता, दुष्टपणाचा आनंदही नव्हता. चुकलेलं शुद्धलेखन सुधारल्यासारखा तो चेहरा होता.

नंतर कधीतरी मला सावंत भाजी घेताना भेटले. सकाळचं काय करता, असं मी विचारलं. चहा पितो, म्हणाले. मग बसतो.

बाईंचे डोळे गेले ते एकदम नाही. आधी त्या पुस्तक तिरकं धरायला लागल्या, कोंबडी बघते तशा एका बाजूनं पानाकडे बघायच्या. मग जिन्यात मला ओळखेनाशा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसत राहील. बाईंनी मला ते नीट समजावून सांगितलं. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. पान दिसतं, अक्षर दिसत नाही. ज्याच्याकडे बघायला जावं तेवढंच नेमकं नाहीसं होतं. मुलगी परदेशात होती, तिनं फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. बाईंनी एक दिवस ऐकलं आणि बंद केलं. श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही त्या बयेला, म्हणाल्या.

मग आम्ही वाचून दाखवायचं ठरवलं. ठरवताना सगळ्यांना फार बरं वाटलं. पाळ्या लावल्या. पण पहिल्या आठवड्यातच माणसं गळायला लागली. एकीला त्या म्हणाल्या, तुम्ही आरती म्हणताय. एकाला म्हणाल्या, बातम्या संपल्या असतील तर कादंबरी वाचा. मी वाचायला बसले तर त्यांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, राहू द्या, तुम्ही आमटी छान करता. प्रमिला सगळ्यात जास्त टिकली. तिच्या प्रत्येक ओळीला बाई अडवायच्या, आणि ती पुन्हा म्हणायची, जसं पहिल्या दिवशी. शेवटी तिला घसा धरल्याचं निमित्त मिळालं.

आणि मग एका दुपारी, चहाच्या वेळेला, सावंत आले.

मी दार उघडं टाकून बसले होते म्हणून मला दिसलं. त्यांनी बाईंची बेल वाजवली, नाव सांगितलं आणि म्हणाले, कोणी वाचायला नाही असं ऐकलं. बाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या.

त्या दिवसांत एक नवी कादंबरी आली होती आणि आमच्यातले बरेच जण ती वाचत होते. खाडीकाठच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. जमीन शहरासाठी गेली, मुलांनी इमारत उठवायची ठरवली, पण हा जुनं घर सोडायला तयार नाही. बाईंनी ती मागवून ठेवली होती. त्यांनी सावंतांना सांगितलं, आधी शेवटचं पान वाचा. सावंत म्हणाले, आपण पहिल्यापासून वाचू. आणि बाईंनी ऐकलं. दुसरा इलाज नव्हता.

सावंत रोज यायचे. ते काही मोठे वाचणारे नव्हते. मालाच्या पेट्यांवरचे शिक्के वाचावेत तसे एकेक शब्द वाचायचे, कोकणी हेल काढून. बाईंनी त्यांना एकदाही अडवलं नाही. जाळीच्या दारातून मला त्यांचा आवाज ऐकू यायचा आणि मधूनमधून बाईंचा प्रश्न, मग? पुढे? चाळीस वर्षं पुस्तकाचा शेवट खिशात घालून फिरलेली ती बाई, तिला आता उद्या दुपारपर्यंत थांबावं लागत होतं. दुपार झाली की त्या साडी बदलायच्या, केस नीट करायच्या. एकदा सावंतांना ताप आला तर त्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, काही दिसत नसताना. मला म्हणाल्या, म्हातारा फार हट्टी आहे हो. सावंतांबद्दल बोलताहेत की कादंबरीतल्या म्हाताऱ्याबद्दल, ते मला कळलं नाही. त्या जवळजवळ हसत होत्या.

एप्रिल संपताना मी कैरीचं पन्हं घेऊन गेले होते. सावंत वाचत होते. घर पाडायला माणसं आली आहेत, म्हातारा आत कडी लावून बसलाय, मुलगा बाहेरून हाका मारतोय. तिथं प्रकरण संपलं. सावंतांनी पुस्तक मिटलं, बाईंच्या समोर टेबलावर ठेवलं आणि पाण्याचा घोट घेतला.

"एवढंच एक प्रकरण राहिलंय," ते म्हणाले. "उद्यापासून मी येणार नाही."

बाईंना ताबडतोब समजलं. मला जरा वेळ लागला.

"सावंत, संपवून जा," त्या म्हणाल्या.

"सुलभाचं जेवढं राहिलं त्याहून तुमचं कमीच राहिलंय. मी अर्धं नाही ठेवलं."

"वाचा," बाई म्हणाल्या. सावंत चपला घालायला दाराशी गेले. बाईंची मान आवाजाच्या मागे वळली. "वाचा ना."

तो 'ना' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सावंतांनीही ऐकला असणार, कारण ते थबकले. पण मग त्यांनी दार ओढून घेतलं, आवाज होऊ नये अशा बेतानं. मी टेबलावरचं पुस्तक उचललं. बाईंनी हात पुढे करून ते माझ्याकडून काढून घेतलं आणि छातीशी धरलं. म्हणाल्या, तुम्ही नको. आणि पन्हं गोड झालंय.

त्यांनी दुसऱ्या कोणालाही विचारलं नाही. विचारता आलं असतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती कादंबरी संपवली होती, मीही संपवली होती. मुलीला फोन करता आला असता. पण शेवट दुसऱ्याकडून मागणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, एकदा मागून झालं होतं.

मे महिन्यातल्या बैठकीला त्या येणार नाहीत असं धरून बाकीचे खूष होते. पण प्रमिला त्यांना हाताला धरून घेऊन आली. तिला त्यांनी निरोप पाठवून बोलावलं होतं, आणि ती का आली हे मला आजही सांगता येणार नाही. सावंत मागच्या रांगेत बसले होते, बायको बसायची तिथं.

बाईंनी तीच कादंबरी आणली होती. त्या उभ्या राहिल्या आणि बोलल्या, आणि त्यांच्यासारखं त्या दिवशी कोणीच बोललं नाही. म्हाताऱ्याच्या दाराच्या कडीबद्दल त्या असं काही बोलल्या की मी वाचलेलं पुस्तक मला पुन्हा वाचावंसं वाटलं. मग सवयीनं म्हणा किंवा हिमतीनं म्हणा, त्यांनी शेवट सांगितला. म्हातारा रात्रीत मागच्या दारानं बाहेर पडतो आणि खाडीत उतरतो. सकाळी घर पाडतात तेव्हा आत कोणी नसतं.

आधी कोणीतरी खोकलं. मग समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. हसू असं पसरत गेलं की थांबवणारा कोणी उरला नाही. बँक मॅनेजर त्या वर्षी परत आले होते, ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. खाडीत उतरणारे म्हातारे, विहिरीत उडी घेणाऱ्या सुना, असल्या शेवटांची बाईंनी आयुष्यभर टिंगल केली होती, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना तेच सुचलं होतं. त्या उभ्या होत्या. कोण हसतंय ते त्यांना दिसत नव्हतं. ज्या तोंडाकडे त्या वळत, तेच नेमकं नाहीसं होत असणार.

सावंत उठले. पुढे येऊन त्यांनी बाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि वाचलं. म्हातारा आपण होऊन कडी काढतो. काही बोलत नाही. पोराच्या गाडीत बसतो. नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याला खुर्ची दिलेली आहे. खाली मशीन त्याचं घर पाडतंय आणि तो सुनेला विचारतो, आज जेवायला काय केलंय. तिथं पुस्तक संपतं.

बाई ऐकत होत्या. हसू थांबलं होतं. त्यांचे ओठ हलले, काहीतरी तिखट बोलणार असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "चांगलाय."

त्या वाचणाऱ्या बाई होत्या. पुस्तकाबद्दल त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रमिलानं मान वर केली आणि अगदी शांतपणे, एकेक अक्षर सुटं करत, विचारलं, "चांगला म्हणजे काय, बाई?"

बाई खुर्ची चाचपत खाली बसल्या. सावंतांनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ते निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असेल म्हणून मी पाहिलं होतं. तिथं काही नव्हतं. बैठक संपल्यावर बाईंना घरी कोणी न्यायचं यावर जरा चुळबुळ झाली. प्रमिलानंच त्यांचा हात धरला आणि नेलं.

पुढे बाईंचा फ्लॅट विकायला निघाला. मुलीनं त्यांची पनवेलच्या पलीकडे एका वृद्धाश्रमात सोय केली. त्या जायच्या आधीच्या आठवड्यात मी दिवाळ्याला बोंबील आणायला गेले होते. बाजाराच्या कडेला एका उलट्या क्रेटवर बाई बसलेल्या दिसल्या, कडक साडीत, पाय जवळ घेऊन. आश्रमात मासे खायला मिळणार नाहीत म्हणून बाजारात न्यायचा त्यांनी प्रमिलाकडे हट्ट धरला होता.

समोर दोन बायकांचं भांडण चाललं होतं. तरणी बाई टोपलीपाशी उभी होती आणि म्हातारी पाटावर बसली होती. "उठ हितनं," तरणी म्हणत होती. "हात थरथरतान तुजे. मासा साफ करता येत नाय, गिऱ्हाईक परत जातंय. आता हितं मी बसनार." म्हातारी पाट सोडत नव्हती. या जागेवर मी तुझ्या नवऱ्याला पदराखाली घेऊन बसलेय, असं काहीसं ती म्हणत होती आणि रडत होती. लोक जमले होते. तरणीनं टोपली पायानं सरकवली, आणि कोळंबी रस्त्यावर सांडली.

ती प्रमिलाची सासू होती, आणि जाऊ. प्रमिला बाईंच्या दंडाला धरून ओढत होती. "बाई, उठा. आमच्या घरातलं हाय ते. चला ना."

बाई उठत नव्हत्या. त्यांनी मान तिरकी केली होती आणि डोळे मिटले होते. गाल आत ओढलेले, ओठ किंचित उघडे. एखाद्या पुस्तकाला एवढा जीव लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन हाक मारली, बाई, मी समोरची, ओळखलंत का?

त्यांनी मला गप्प करायला हात वर केला.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "ऐकू द्या."